एनडीएचा फॉर्म चुकला तर? (आपल्या पोरापोरींसाठी माहिती)



आज जाळ्यांचा विषय नाही. आपल्या दुधनीकडच्या एका सभासदाचा मुलगा बारावीला होता, त्याने खडकवासल्याच्या एनडीएसाठी २०२५ च्या पहिल्या परीक्षेचा फॉर्म भरला. ४ जानेवारीला बाप-लेक दोघं संस्थेत आले. फॉर्ममध्ये जन्मतारीख २५ ऑगस्ट २००७, आधारवरची. दहावीच्या दाखल्यावर १ जून २००७. आजी सांगते, पोरगा नारळी पुनवेच्या आसपासचा, म्हणजे खरी तारीख आधारवरचीच! शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून टाकली असणार, आपल्याकडे निम्म्या लोकांचा वाढदिवस त्याच दिवशी असतो.

बापाचं म्हणणं, दोन्ही तारखा वयात बसतात, मग अडतंय कुठे? बसतात हे खरं. त्या परीक्षेला २ जुलै २००६ ते १ जुलै २००९ मधला जन्म हवा होता. पण यूपीएससी फक्त दहावीच्या प्रमाणपत्रावरची तारीख धरते आणि नंतर बदलून देत नाही. लेखी आणि एसएसबी पास होऊन मूळ कागद दाखवायच्या वेळी हा फरक निघाला असता, तर दोन वर्षांची मेहनत पाण्यात. आजीची तारीख खरी असली तरी तिथे कागदच चालतो.

नशीब म्हणजे मुदत होती. अर्ज ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झाले, दुरुस्तीसाठी १ ते ७ जानेवारी. जन्मतारीख, नाव ही माहिती तेव्हा ओटीआरमध्ये, म्हणजे एकदाच करायच्या नोंदणीत होती, आणि तिथे बदल आयुष्यात एकदाच करता येत होता. म्हणून आम्ही घाई केली नाही. दाखला समोर ठेवून नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, तारीख एकेक अक्षर वाचलं, आणि बरं झालं, कारण वडिलांच्या नावातही एक अक्षर चुकलं होतं. दोन्ही एकदम दुरुस्त केलं आणि नवीन प्रत काढून ठेवली.

२८ मे २०२५ पासून यूपीएससीचं पोर्टल नवीन आहे. जुनी ओटीआर चालत नाही, सगळ्यांनी नव्याने नोंदणी करायची. दुरुस्तीचे दिवस आणि काय बदलता येतं हे दर खेपेच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं, ते तिथेच बघा. मागच्या वेळचे सात दिवस धरून बसू नका. आणि चूक दिसली म्हणून दुसरा फॉर्म भरू नका, आयोग एकच अर्ज मागतो.

दलांची पसंतीही नीट बघा. जे दल लिहिलंच नाही, त्यासाठी विचारच होत नाही. नेव्ही आणि हवाई दलाला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, गणित लागतं. आर्मीला कुठलीही बारावी चालते. मुलींनाही आता एनडीए खुली आहे, त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. मुलींना आणि एससी-एसटी उमेदवारांना फी नाही, बाकी बहुतेकांना १०० रुपये. वयात मात्र कोणालाच सूट नाही.

एकाने विचारलं, खासदाराचं पत्र लागतं का? अमेरिकेत लष्करी अकादमीला लोकप्रतिनिधीचं नामांकन लागतं, आपल्याकडे नाही. लेखी ९०० मार्कांची, एसएसबी ९०० ची. पत्र मिळवून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर हाकलून द्या.

दहावीचा दाखलाच चुकीचा असेल तर आधी शाळेत जा, तिथून बोर्डाकडे. याला वेळ लागतो, नववी-दहावीतच बघून घ्या. आधारवरची जन्मतारीख सहसा एकदाच बदलून मिळते, ती दाखल्याप्रमाणे करून घ्या.

फॉर्म भरायला येताना मोबाईलमधला फोटो नको, मूळ दाखला आणा. संध्याकाळी आम्ही ऑफिसात असतो. लाईट असली तर तिथेच बसून भरू.