गमावलेला चेंडू

प्रास्ताविक

कबड्डीचा सामना तुम्ही पाहिला असेलच. चढाई करणारा खेळाडू प्रतिपक्षाच्या अंगणात शिरतो, तेव्हा बचाव करणारे केवळ त्याच्या अंगावर धावून जात नाहीत. ते मध्यरेषेकडे परतण्याची त्याची वाट अडवतात. वाट अडली की पकड सोपी होते. फुटबॉल आणि हॉकी या खेळांतील एक प्रभावी व्यूह याच तत्त्वावर उभा आहे. त्याचा परिचय या पाठात करून घेऊ.

मूळ पाठ

चेंडू गमावला की मागे फिरायचे आणि आपल्या गोलाजवळ बचावाची भिंत उभारायची, ही फुटबॉलमधील जुनी रीत. रायनस मिखेल्स यांच्या मार्गदर्शनाखाली नेदरलँड्सच्या संघाने १९७४ च्या विश्वचषकात निराळी रीत जगाला दाखवली. चेंडू जेथे गमावला, तेथेच तो परत मिळवण्यासाठी त्यांचे खेळाडू एकजुटीने पुढे सरसावत. यालाच दाबाचा खेळ म्हणता येईल.

या खेळासाठी अनेक संघ ४-३-३ अशी रचना करतात. गोलरक्षकापुढे चार बचावपटू, मधल्या फळीत तीन आणि आघाडीवर तीन खेळाडू असतात. आघाडीचे खेळाडू चेंडू असलेल्या बचावपटूकडे किंचित वळण घेऊन धावतात. त्यामुळे मैदानाच्या मध्यभागी चेंडू देण्याची त्याची वाट झाकली जाते आणि चेंडू कडेच्या रेषेकडे जातो. रेषेपलीकडे पळायला जागा नसते. मधली फळी जवळचे साथीदार अडवते, तर बचावफळीही पुढे सरकून मधले अंतर मिटवते. चेंडू मिळाला, की प्रतिपक्ष सावरण्याआधी दोन-तीन पासांत गोल गाठायचा. बचावातून चढाईकडे होणारे हे वेगवान स्थित्यंतर हेच या व्यूहाचे फळ होय.

मात्र त्याची किंमतही आहे. एक खेळाडू जरी आळसावला, तरी जाळ्याला भगदाड पडते आणि पाठीमागचे मोकळे मैदान प्रतिपक्षाच्या हाती लागते. म्हणून या खेळात पायांइतकेच परस्परांवरील विश्वासाला महत्त्व आहे.

हॉकीतही संघात अकरा खेळाडू असतात आणि हेच तत्त्व तेथे लागू पडते. १९७६ च्या ऑलिंपिकपासून ही स्पर्धा कृत्रिम हिरवळीवर होऊ लागली आणि चेंडूचा वेग वाढला. पुढे ऑफसाइडचा नियम रद्द झाला. खेळाडू हवे तेव्हा बदलता येऊ लागल्याने दमलेल्या आघाडीपटूला विसावा देणे शक्य झाले. अशा वेगवान हॉकीचा एक संस्मरणीय सामना लखनौने पाहिला.

१८ डिसेंबर २०१६ रोजी तेथील मेजर ध्यानचंद मैदानावर कनिष्ठ पुरुषांच्या विश्वचषकाची अंतिम लढत भारत व बेल्जियम यांच्यात झाली. हरजीत सिंग कर्णधार, तर हरेंद्र सिंग प्रशिक्षक होते. भारताने प्रारंभापासूनच चढाईचा पवित्रा घेतला. आठव्या मिनिटाला गुरजंत सिंगने आणि बाविसाव्या मिनिटाला सिमरनजीत सिंगने गोल केला. बेल्जियमला अगदी अखेरीस एकच गोल करता आला. २००१ नंतर प्रथमच हा चषक भारताकडे आला.

हेच गुरजंत आणि सिमरनजीत पुढे टोकियो ऑलिंपिकच्या संघातही होते. ५ ऑगस्ट २०२१ रोजी कांस्यपदकाच्या लढतीत जर्मनीविरुद्ध भारत १-३ असा मागे पडला होता. तरीही संघ बचावात दडून बसला नाही. त्याने लागोपाठ चार गोल केले आणि ५-४ असा विजय मिळवला. भारताच्या एकूण पाच गोलांपैकी दोन सिमरनजीतचे होते. तब्बल ४१ वर्षांनी भारताला हॉकीत ऑलिंपिक पदक लाभले.

चेंडू प्रत्येक संघ गमावतो. गमावल्यानंतरच्या पहिल्या काही क्षणांत अकरा जण काय करतात, यावर सामन्याचे पारडे फिरते.

शब्दार्थ

व्यूह – डावपेचांची आखलेली रचना
प्रतिपक्ष – विरुद्ध बाजूचा संघ
स्थित्यंतर – एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाणे
पारडे फिरणे – परिस्थिती पालटणे

पाठगत प्रश्न

१. आघाडीचे खेळाडू वळण घेऊन का धावतात?
२. दाबाच्या खेळात कोणता धोका संभवतो?
३. कबड्डी आणि दाबाचा खेळ यांतील साम्य तुमच्या शब्दांत लिहा.