कुस्कोच्या भिंती

दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशात, अँडीज पर्वताच्या कुशीत, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर कुस्को हे नगर वसले आहे. एके काळी ही इंका साम्राज्याची राजधानी होती. १५३३ मध्ये स्पॅनिश सैन्याने ती जिंकली. येथील नगरदर्शन बहुधा पायीच घडते. विरळ हवेमुळे नवख्या पाहुण्यांना धाप लागते, म्हणून मार्गदर्शक त्यांना सावकाश चालवतो.

आरंभ मुख्य चौकातून होतो. तेथील भव्य कॅथीड्रल इंका राजवाड्याच्या जागेवर उभे आहे. त्यासाठी लागलेले पुष्कळसे दगड वरच्या टेकडीवरील साक्सायवामान या इंका दुर्गातून काढून आणलेले होते. जिंकलेल्यांची वास्तू मोडायची आणि तिच्याच दगडांनी आपली बांधायची, अशी जेत्यांची रीत होती.

पुढे हातुन रुमियोक नावाची अरुंद गल्ली लागते. डावी-उजवीकडे पाहताना भिंतीचे दोन थर सहज ओळखू येतात : खाली इंकांचे घडीव दगड, वर स्पॅनिशांचा पांढरा गिलावा. खालच्या थरात बारा कोनांचा एक प्रसिद्ध दगड आहे. चुना न वापरता तो शेजारच्या दगडांशी असा जुळवला आहे की सांध्यात सुरीचे पातेही शिरत नाही. हे वाक्य येथे प्रत्येक मार्गदर्शक म्हणतो! काहींना त्यात गूढ शक्ती दिसते. वास्तविक ती माणसांच्या हातांची करामत आहे. इंकांपाशी लोखंड नव्हते. कठीण गोट्यांनी ठोकून ठोकून ते दगड घडवीत. असे गोटे जुन्या खाणींत सापडलेही आहेत. २०२५ च्या फेब्रुवारीत एका माणसाने याच दगडावर हातोडीचे घाव घातले; त्याचे टवके उडाले.

फेरीतील सर्वांत बोलके स्थळ म्हणजे कोरिकांचा, अर्थात सूर्यमंदिर. त्याच्या भिंतींवरील सोन्याचे पत्रे स्पॅनिशांनी उपटून नेले आणि त्या भिंतींवर सांतो दोमिंगो हा मठ उभारला. २१ मे १९५० रोजी भूकंप झाला. मठाची मोठी पडझड झाली. इंकांच्या भिंती मात्र उभ्या राहिल्या. किंचित आत कललेल्या, तळाशी रुंद असलेल्या या भिंती भूकंपाच्या प्रदेशात राहणाऱ्यांनीच बांधल्या होत्या. पुढे दुरुस्तीच्या वेळी मठ पुन्हा उभारला गेला, पण काही ठिकाणी नंतरचे बांधकाम हटवून इंका दालने मोकळी करण्यात आली. आज मठाच्या कमानींतून आत शिरले की ती काळसर, निराभरण दालने समोर येतात. मार्गदर्शक तेथे दारांकडे बोट दाखवतो : खाली रुंद, वर निमुळती.