मानवी हक्कांचे एक ख्रिस्ती मूळ

मानवी हक्क कोणाची देणगी, असे महाविद्यालयात शिकणारी आपली मुले विचारतात. ‘सारे आमच्याकडूनच गेले’ असे सांगून मोकळे होणे सोपे आहे. परंतु सूरह माइदाच्या आठव्या आयतीत अल्लाहने न्यायाने साक्ष देण्याची आज्ञा केली आहे आणि एखाद्या लोकसमूहाविषयीचा रागही त्याआड येऊ नये, असे बजावले आहे. इतिहास सांगणाराही साक्षीदारच असतो.

स्पेनचा इतिहास आपल्यासाठी क्लेशदायक आहे. 1492 मध्ये ग्रॅनडा पडले. 1502 मध्ये कॅस्टिलमधील मुस्लिमांपुढे बाप्तिस्मा किंवा देशत्याग एवढेच पर्याय ठेवण्यात आले. याच सत्तेने अमेरिकेतील मूळ रहिवाशांना वेठीस धरले. मात्र त्याविरुद्धचा आवाजही तेथील धर्मगुरूंतूनच उठला. डिसेंबर 1511 मध्ये हिस्पॅनिओला बेटावर आंतोनियो दे मोंतेसिनोस यांनी भर प्रवचनात स्पॅनिश मालकांना या जुलमाचा जाब विचारला. स्वतः असे वेठबिगार बाळगणारे धर्मगुरू बार्तोलोमे दे लास कासास यांनी 1514 मध्ये त्यांच्यावरील हक्क सोडला आणि उर्वरित आयुष्य त्यांची बाजू मांडण्यात वेचले.

सालामांका विद्यापीठातील धर्मपंडित फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी 1539 च्या व्याख्यानात या भूमिकेला कायद्याचा पाया दिला. मनुष्य ईश्वराची प्रतिमा आहे, ही ख्रिस्ती श्रद्धा. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की, अश्रद्धेमुळे वा पापामुळे कोणाचाही मालमत्तेवरील हक्क नष्ट होत नाही. हक्क माणसाचा आहे, तो राजाने दिलेला नाही, हा विचार पुढे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या घडणीत उतरला.

1542 मध्ये मूळ रहिवाशांना गुलाम करण्यास बंदी करणारे कायदे झाले. पण मालकांच्या दबावामुळे त्यांतील एक महत्त्वाचे कलम 1545 मध्ये मागे घेतले गेले. लास कासास यांनीही आरंभी आफ्रिकी गुलाम आणण्याची सूचना केली होती. तिचा त्यांना पुढे पश्चात्ताप झाला. तत्त्व उच्च असले, तरी आचरण आपोआप उंचावत नाही.

हे आपल्यालाही लागू आहे. सूरह बनी इस्राईलच्या सत्तराव्या आयतीनुसार अल्लाहने प्रतिष्ठा बहाल केली ती आदमच्या संततीला, केवळ श्रद्धावंतांना नव्हे. तरीही मुस्लिम राजवटींत गुलामांचे बाजार भरतच राहिले.

प्रेषितत्वापूर्वी मक्केत पीडितांच्या रक्षणासाठी ‘हिल्फुल फुजूल’ हा करार झाला होता. तो करणारे श्रद्धावंत नव्हते. तरी पैगंबर मुहम्मद (स.) यांनी पुढेही त्याचा गौरव केला आणि इस्लामच्या काळातही अशा हाकेला ओ देण्याची तयारी दर्शविली. सत्कार्य कोणाच्याही हातून घडो, त्याची कदर करणे ही सुन्नत आहे.

म्हणून मुलांना खरे सांगावे. मग स्वतःला विचारावे : आपल्या दुकानात राबणाऱ्या मजुराची मजुरी वेळेवर मिळते काय? बहिणीचा वारसाहक्क तिच्या हाती पोहोचला काय? हक्कांचा उगम कोठे, याचे उत्तर इतिहास देईल. ते अदा केले काय, याचे उत्तर मात्र अल्लाहसमोर आपणच द्यायचे आहे.

अल्लाह आम्हांस न्यायाने साक्ष देणारे बनवो. आमीन.