मुंबईची थंडी व उष्णतामापकाची साक्ष

पौष महिना लागला आणि पहाटे अंगावर शहारा आला, की घरोघरी एकच वाद सुरू होतो. आजोबा म्हणतात, "हल्ली पूर्वीसारखी थंडी पडत नाही." शेजारी म्हणतात, "यंदासारखा गारठा जन्मात पाहिला नाही!" दोघेही मनापासून बोलतात, परंतु दोघांचीही साक्ष केवळ स्मरणाची आहे. म्हणून आपण आज स्मरण बाजूस ठेवून लिहिलेल्या आकड्यांकडे वळू, आणि आपल्या मीरा-भाईंदरास लागून असलेल्या मुंबई नगरीत थंडी किती पडते व तिचा कल कोणीकडे आहे, याचा विचार करू.

मुंबईत कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली स्थापन झाली, आणि १८४१ पासून तेथे हवेच्या नोंदी नियमाने होऊ लागल्या. त्या आरंभीच्या काळात तेथे काम करणाऱ्यांत अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे हे एक होते. तेव्हा त्यांचे वय अवघे सोळा वर्षांच्या आसपास, म्हणजे आपल्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांएवढेच होते. पुढे ते थोर गणिती म्हणून नावारूपास आले. मोठ्या विद्येचा पाया अशा लहान, नित्याच्या कामांत घातला जातो, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

हवेचे उष्णतामान मोजण्याची रीतही समजून घेतली पाहिजे. उन्हात ठेवलेले यंत्र हवेची नव्हे, तर स्वतःच्या तापलेल्या अंगाची उष्णता सांगते. याकरिता वेधशाळेत ते पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर ठेवतात. पेटीचे दार आपल्याकडे उत्तरेस असते, म्हणजे वाचन घेताना सूर्यकिरण आत शिरत नाहीत. वारा मात्र झडपांतून खेळता राहतो. सर्वत्र मोजण्याची पद्धत एकच असल्यामुळे एका गावाचा आकडा दुसऱ्या गावाच्या आकड्याशी ताडून पाहता येतो.

आता प्रत्यक्ष आकडे पाहू. सांताक्रूझ येथील वेधशाळेत जानेवारी १९६२ मध्ये ७.४ अंश सेल्सिअस, म्हणजे जुन्या फॅरनहाइट मापाने सुमारे ४५ अंश, इतका पारा उतरला. तेथील तो आजवरचा नीचांक होय. फेब्रुवारी २००८ मध्ये तेथेच ८.५ अंशांची नोंद झाली. कुलाब्याचा नीचांक मात्र ११.७ अंशांच्या खाली गेलेला नाही. एकाच नगरीत हा भेद का? कुलाबा ही तीन बाजूंनी समुद्राने वेढलेली जमिनीची चिंचोळी पट्टी आहे. पाणी सावकाश तापते व सावकाश निवते, त्यामुळे समुद्र रात्री कुलाब्यास ऊब देतो. सांताक्रूझची मोकळी जमीन निरभ्र रात्री आपली उष्णता आकाशात झपाट्याने सोडून देते. त्यातच उत्तरेकडून कोरडा, गार वारा वाहू लागला म्हणजे मुंबईकर पेटीतली स्वेटरे बाहेर काढतात.

वारा फिरला की चित्र पालटते. डिसेंबर २०२४ चेच उदाहरण घ्या. त्या महिन्याच्या ४ तारखेस सांताक्रूझला दुपारचे उष्णतामान ३७.३ अंशांवर गेले, आणि ९ तारखेस पहाटे ते १३.७ अंशांवर उतरले. एका आठवड्याच्या आत ग्रीष्म आणि शिशिर दोन्ही भेटून गेले! अशा वेळी ४ तारखेची दुपार पाहून 'थंडी संपली' म्हणणे, किंवा ९ तारखेची पहाट पाहून 'पृथ्वी थंड होत आहे' म्हणणे, सारखेच चुकीचे ठरेल.

मग कल ओळखावा कसा? क्रिकेटची उपमा घेऊ. एखाद्या फलंदाजाने एके दिवशी शतक काढले म्हणून तो थोर ठरत नाही, आणि एकदा शून्यावर बाद झाला म्हणून निरुपयोगीही ठरत नाही. त्याची खरी योग्यता सरासरीत दिसते. हवामानशास्त्रातही तीस वर्षांची सरासरी प्रमाण मानतात. त्या कसोटीस लावता, १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे भारतातील सर्वांत उष्ण वर्ष ठरले. त्याचे सरासरी उष्णतामान १९९१ ते २०२० या काळाच्या सरासरीहून ०.६५ अंशाने अधिक होते. आकडा लहान दिसतो, परंतु तो एका दुपारचा नसून सबंध देशाचा व सबंध वर्षाचा आहे. अधूनमधून गारठ्याची पहाट येतच राहील. पण सरासरी वर चढत आहे. आजोबा व शेजारी हे दोघेही आपापल्या परीने खरे ठरतात, ते असे.

या वाढीत नगरांचाही वाटा आहे. मीरा-भाईंदरची लोकवस्ती २००१ च्या शिरगणतीत ५,२०,३८८ होती. २०११ मध्ये ती ८,०९,३७८ झाली. सिमेंट व डांबर दिवसा उष्णता साठवितात आणि रात्री ती हळूहळू सोडतात. झाडे, खारफुटी व पाणथळ जागा हवेस गारवा देतात. त्या जितक्या घटतील तितक्या रात्री उबट होतील. याची झळ सर्वांस सारखी लागत नाही. पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्यास रात्रीचा उकाडा अधिक जाचतो, आणि पदपथावर निजणाऱ्यास १३ अंशांची पहाटही कठोर वाटते. उत्तनच्या किनाऱ्यावर बोंबील सुकविणाऱ्या कोळी भगिनी आणि मिठागरांत राबणारे मजूर यांची तर सारी मिळकतच कोरड्या हवेवर अवलंबून असते. आपल्यास जो गप्पांचा विषय, तो त्यांस पोटाचा प्रश्न आहे.

विद्यार्थी मित्रांनो, एक साधा उष्णतामापक आणि एक वही घ्या. यंत्र सावलीत, वारा खेळेल अशा जागी, भिंतीपासून दूर टांगा. रोज सकाळी ठरल्या वेळी आकडा लिहा. ढग व वाऱ्याची दिशाही टिपा. एकही दिवस चुकला तर ती जागा कोरी सोडा, अंदाजाने भरू नका. पालकांनीही या कामी मुलांस उत्तेजन द्यावे. एका महिन्याच्या वहीने हवामानाचा कल कळणार नाही, हे खरे. परंतु पाहिल्याविना बोलू नये आणि पाहिले तेवढेच लिहावे, हा धडा एका महिन्यातही शिकता येतो, व तो जन्मभर उपयोगी पडतो.