चिक चॉकलेट : गाण्यामागचा ट्रम्पेट

भोर-वेल्ह्याकडच्या वरातीत बँडपुढे आपण सगळेच नाचलोय. पण ट्रम्पेट वाजवणाऱ्याचं नाव कधी विचारलंय? आपल्या गॅदरिंगलाही टाळ्या गायकाला मिळतात. मागे ड्रम वाजवणारा मुलगा कोणत्या ब्रँचचा, हेही माहीत नसतं. म्हणून आज एका ट्रम्पेटवाल्याची ओळख.

नाव अँटोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६ सालचा, गोव्यातल्या हळदोण्याचा. मुलाने मेकॅनिक व्हावं ही आईची इच्छा (आपल्या घरचीच गोष्ट!), आणि मुलाच्या डोक्यात लुई आर्मस्ट्राँग. पोर्तुगीज गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलं नोटेशन वाचायला शिकत. हीच विद्या घेऊन कित्येक गोवेकर मुंबईत आले. त्यांतला हा वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने गाजला. ताजमहाल हॉटेलात त्याचा बँड वाजे. लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

तो वाजवायचा ते स्विंग म्हणजे काय? करून बघा. एक-दोन-तीन-चार असं मोजा आणि टाळी एक-तीनवर न देता दोन-चारवर द्या. आता प्रत्येक मात्रेचे दोन भाग करा, पण समान नकोत : पहिला लांब, दुसरा आखूड, साधारण दोनास एक. लय वाढली की हा फरक कमी होत जातो. या असमान भागांमुळेच पाय आपोआप हलतो.

हे स्विंग हिंदी सिनेमात आणणाऱ्यांत पुणतांब्याचे सी. रामचंद्र, म्हणजे आपले रामचंद्र चितळकर, आघाडीवर होते. चाल त्यांची. पण चाल सुचली म्हणजे ऑर्केस्ट्रा वाजत नाही. कोणत्या वाद्याने कुठे, किती वाजवायचं ते कागदावर उतरवावं लागतं. त्या कामात चिक त्यांचा सहाय्यक होता. भगवानदादांच्या 'अलबेला'त (१९५१) तर तो आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. तेवढा तो नशीबवान. बाकीच्या कित्येक वादकांचा चेहराही आपल्याला माहीत नाही. रेकॉर्डवर नाव छापलं जाई ते गायकाचं आणि संगीतकाराचं. १९६७ मध्ये, जेमतेम पन्नाशीत, चिक गेला.

यात संगीतकाराचं श्रेय कमी होत नाही. सी. रामचंद्र नसते तर ती चालच नसती. पण इंजिनिअर होणाऱ्या आपल्याला एवढं तरी कळायला हवं, की कल्पना आणि ती प्रत्यक्षात उतरवणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्हींना नाव लागतं. रात्रभर जागून सर्किट सोल्डर करणारा एक आणि व्हायवाला बोलणारा दुसरा, हे आपण दरवर्षी बघतोच की!

आज मेसमधून आल्यावर 'अलबेला'चं एखादं गाणं लावा. दोन ओळींच्या मधल्या जागेत काय वाजतंय ते ऐका. आणि यंदाच्या गॅदरिंगला निवेदकाने गायकाच्या आधी वादकांची नावं घ्यावीत, साउंडवाल्यासकट. बघा जमतंय का.