सुरू न होणारे चेन सॉ : दोष कोठे शोधावा?

पावसाळा ओसरला की कोकणातील आंब्याच्या बागांतून जुन्या व दाट झालेल्या झाडांच्या छाटणीची कामे निघतात. ज्या फांद्यांना पूर्वी कुऱ्हाड आणि दोन माणसांची करवत लागत असे, त्या आता पेट्रोलवर चालणाऱ्या चेन सॉने अल्पावधीत उतरविता येतात. अनेक गावी हे यंत्र ‘कटर’ या नावानेच ओळखले जाते. परंतु जूनपासून पडवीत पडून राहिलेले यंत्र नेमके कामाच्या दिवशी सुरू होत नाही. मजूर सांगितलेले असतात, दिवस वर येत असतो, आणि मग घाम फुटेपर्यंत दोरी ओढली जाते. कोणी चोक मागेपुढे करतो, कोणी दिसेल तो स्क्रू फिरवितो. अखेर यंत्र तालुक्याच्या गावी जाते आणि तेथे पुष्कळदा जुने पेट्रोल ओतून, प्लग पुसून ते चालू करून दिले जाते. एवढे काम बागेतच करता येण्यासारखे आहे. मात्र दोष क्रमाने शोधला पाहिजे.

इंजिन सुरू होण्यास योग्य प्रमाणात हवा मिसळलेले इंधन, ते पेटविणारी ठिणगी आणि सिलिंडरमधील पुरेसा दाब या तीन गोष्टी लागतात. यांपैकी कोणती उणी आहे हे ठरविल्यावाचून यंत्राला पाना लावू नये.

प्रथम सुरू करण्याची रीत तपासावी

स्विच चालू बाजूस आहे ना, हे आधी पाहावे. ही सूचना क्षुल्लक वाटेल, परंतु काम संपवून बंद केलेला स्विच पुढील वेळी तसाच राहिल्याची उदाहरणे थोडी नाहीत. नंतर यंत्र सपाट जमिनीवर ठेवावे. साखळी कशालाही टेकू देऊ नये. पुढील ढाल पुढे ढकलून साखळीचा ब्रेक लावावा. डाव्या हाताने पुढील मूठ दाबून धरावी, उजव्या पायाचा चवडा मागील मुठीत रोवावा आणि उजव्या हाताने दोरी ओढावी. दोरी प्रथम अवरोध लागेपर्यंत सावकाश घ्यावी, मग चपळाईने ओढावी, आणि परत जाताना हातानेच आत सोडावी. यंत्र एका हातात लोंबते धरून दुसऱ्या हाताने झटका देण्याची रीत सर्रास दिसते. ती सर्वथा टाळावी. इंजिन अचानक पेट घेते, साखळी फिरते आणि ती मांडीपाशी असते. झाडावर चढून यंत्र सुरू करणे तर त्याहून घातक होय.

थंड इंजिनास चोक बंद करून दोरी ओढली असता दोन-चार ओढींत एकदा ‘फट्’ असा आवाज होतो आणि इंजिन पुन्हा थांबते. हीच खूण होय. यानंतर चोक उघडून, किंवा यंत्रावर मधली खूण असल्यास तेथे आणून, पुढील ओढ द्यावी. ती खूण निसटली आणि चोक बंदच राहिला, तर प्रत्येक ओढीबरोबर सिलिंडरात अधिकाधिक पेट्रोल जाते व प्लग भिजतो. मग कितीही जोर लावला तरी उपयोग होत नाही. उलट जेवढा जोर, तेवढे पेट्रोल.

प्लग काय सांगतो?

दहाबारा ओढींनंतरही यंत्र सुरू न झाल्यास थांबावे. इंजिन गरम असेल तर निवू द्यावे आणि प्लग काढून पाहावा. पुढील तपासाची दिशा प्लगच ठरवितो.

प्लग ओला असल्यास इंधन पोहोचत आहे, किंबहुना अधिक पोहोचले आहे. अशा वेळी स्विच बंद करावा, चोक उघडा ठेवावा, प्लगचे भोक खाली येईल असे यंत्र कलते धरावे आणि साचलेले पेट्रोल निथळू द्यावे. नंतर यंत्र जमिनीवर ठेवून सहा-आठ वेळा दोरी ओढावी. भोकातून पेट्रोलचे तुषार उडतात, म्हणून तोंड दूर ठेवावे आणि जवळपास विडी-काडी असू देऊ नये. प्लग पुसून, वाळवून पुन्हा घट्ट बसवावा व चोक न लावता यंत्र सुरू करून पाहावे.

इतके करूनही ते न पेटल्यास ठिणगीचा संशय घ्यावा. प्लगवर काजळी साठली असेल तर ती ब्रशने काढावी. टोकांमधील फट बहुतेक यंत्रांत सुमारे ०.५ मि.मी. असते, पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा. ठिणगी पाहण्यासाठी प्लग उघड्यावर धरून दोरी ओढण्याची पद्धत कारागीर वापरतात, पण पेट्रोलच्या वाफेत ती धोक्याची आहे. शेतकऱ्याने त्याच क्रमांकाचा नवा प्लग लावून पाहणे हाच बरा मार्ग होय. असा एक प्लग नेहमी पिशवीत असावा.

प्लग कोरडा असल्यास पेट्रोल इंजिनापर्यंत येतच नाही. टाकीत नळीच्या टोकाला वजनदार लहान गाळणी असते. वाकविलेल्या तारेने ती बाहेर काढून भुसा वा चिकटा धरला आहे काय ते पाहावे. नळीला चीर गेली असल्यास इंजिन इंधनाऐवजी हवा ओढते. टाकीचे झाकण क्षणभर सैल करताच इंधन येऊ लागले, तर टाकीत हवा घेणारे छिद्र बुजले आहे असे समजावे.

जुने पेट्रोल हे मूळ कारण

छाटणीच्या हंगामारंभी सर्वाधिक संशय इंधनावरच घ्यावा. २०२५ साली देशातील पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि कोकणच्या पावसाळ्यात ओलाव्यास तोटा नसतो. पाणी पुरेसे शोषले गेले की ते इथेनॉलसह तळाशी वेगळे होते. गाळणी टाकीच्या तळाशीच असल्यामुळे इंजिनास प्रथम तेच मिळते. टाकीतील थोडे इंधन काचेच्या बाटलीत घेऊन स्थिर ठेवावे. दोन थर दिसल्यास सर्व इंधन काढून टाकावे. थर दिसले नाहीत तरी महिन्याहून जुने मिश्रण वापरू नये. इथेनॉलमुळे कार्ब्युरेटरातील रबरी पडदेही कडक होतात, आणि अनेक यंत्रनिर्माते १० टक्क्यांहून अधिक इथेनॉल असलेले पेट्रोल वापरण्यास अनुमती देत नाहीत. म्हणून पुस्तिका पाहावी, आणि निदान टाकीत इंधन मुरू देऊ नये.

ही इंजिने टू-स्ट्रोक असल्याने पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळणे अनिवार्य आहे. ५०:१ प्रमाण सांगितले असल्यास १ लिटर पेट्रोलला २० मि.लि. आणि २५:१ असल्यास ४० मि.लि. ऑइल लागते. अंदाजाने ‘एक झाकण’ ओतणे हे मोजमाप नव्हे. यंत्राला दोन टाक्या असतात, त्यांतील दुसरी साखळीच्या ऑइलची. ते ऑइल पेट्रोलमध्ये मिसळू नये. ऑइलविना पेट्रोल वापरल्यास पिस्टन तापून ओरखडतो, सिलिंडरचा दाब जातो आणि दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राशी स्पर्धा करू लागतो. स्विच बंद करून दोरी सावकाश ओढताना पूर्वीसारखा अवरोध लागत नसेल, तर हीच शंका धरावी व तपास थांबवावा.

एअर फिल्टर भुशाने भरला असल्यास साबणाच्या कोमट पाण्यात धुवावा व पूर्ण वाळल्यावरच बसवावा. सायलेन्सरच्या तोंडाशी जाळी असल्यास तिच्यावरील काजळीही काढावी.

कार्ब्युरेटरच्या स्क्रूंना मात्र हात लावू नये. काल चाललेले यंत्र आज सुरू होत नसेल, तर स्क्रू आपोआप फिरलेला नसतो. तो चुकीचा फिरविला गेल्यास मिश्रणात पेट्रोल कमी पडून इंजिन कदाचित सुरू होईल, जोरातही फिरेल, आणि त्याच जोरात पिस्टन जळेल. नवे इंधन, नवा प्लग व स्वच्छ फिल्टर असूनही यंत्र बंदच राहिले, तर ते कारागिराकडे न्यावे आणि काय काय पाहून झाले ते त्यास क्रमाने सांगावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती चिठ्ठीवर लिहून दिल्यास अनावश्यक भाग बदलले जाण्यास आळा बसतो.

मे महिन्याच्या अखेरीस यंत्र ठेवताना टाकी रिकामी करावी. मग प्रायमरचा फुगा असल्यास तो दाबून नळीतील इंधन टाकीत परत आणावे, तेही काढावे, आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. यंत्र चुलीपासून दूर, कोरड्या जागी टांगावे. काढलेले खराब पेट्रोल विहिरीच्या कडेला किंवा पाटात ओतू नये; झाकणबंद डब्यात भरून गॅरेजवर द्यावे.