मराठी लेख : आपल्या विद्यापीठाच्या संघाचे चाहते कसे व्हावे?



मागच्या आठवड्यात वर्गात मी एक साधा प्रश्न विचारला, "तुमचा आवडता संघ कोणता?" लगेच हात वर झाले. कुणी चेन्नई म्हणालं, कुणी मुंबई, मागच्या बाकावरून एकजण तर रिअल माद्रिद म्हणाला. मग मी दुसरा प्रश्न विचारला, "आपल्या विद्यापीठाच्या कबड्डी संघाचा कर्णधार कोण आहे?" वर्ग एकदम गप्प. खरं सांगायचं तर काही वर्षांपूर्वी हाच प्रश्न मला कुणी विचारला असता, तर मीही गप्पच बसलो असतो.

आजचा लेख याच विषयावर आहे. आपल्या शहरातल्या, आपल्याच विद्यापीठाच्या संघाचा चाहता होणं म्हणजे काय? त्यासाठी काय माहीत असावं लागतं? आणि मुळात ते का करायचं? चला, एकेक मुद्दा पाहू.

१) आपले विद्यापीठ

मराठवाडा विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ रोजी झाली. विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी मंजूर केला, पण प्रत्यक्ष नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या सोळा वर्षांत लोकांनी मोर्चे काढले, तुरुंगवास भोगला, काहींची घरं जळाली, काहींचे प्राण गेले. म्हणून खेळाडूच्या जर्सीवर पाठीमागे लिहिलेलं ते लांबलचक नाव म्हणजे नुसती छपाई नाही, हे आधी ध्यानात घ्या.

१९९४ मध्येच नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं आणि नांदेड, लातूर, परभणी हा भाग तिकडे गेला. आता आपल्याकडे चार जिल्हे आहेत : छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव. मुंबई किंवा पुण्याच्या तुलनेत आपलं विद्यापीठ मध्यम आकाराचं. पण खेळाडूंची खाण म्हणाल तर कमी नाही. राष्ट्रकुल स्पर्धेत २०२२ साली बर्मिंगहॅमला ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळवणारा अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा. भारतीय महिला खो-खो संघाची कर्णधार राहिलेली आणि २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारी सारिका काळे धाराशिवची. ही माती खेळाडू घडवते, फक्त ते घडत असताना बघायला कुणी जात नाही.

२) विद्यापीठाचा संघ कसा तयार होतो?

चाहता व्हायचं तर आधी रस्ता माहीत हवा. तो असा असतो :

पहिली पायरी म्हणजे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांचे संघ एकमेकांशी खेळतात. त्यातून चांगले खेळाडू निवड चाचणीला बोलावले जातात. निवड झालेल्यांचं प्रशिक्षण शिबिर होतं आणि मग विद्यापीठाचा संघ बाहेर पडतो.

दुसरी पायरी म्हणजे आंतरविद्यापीठ स्पर्धा. असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज ही १९२५ साली सुरू झालेली संस्था या स्पर्धांची आखणी करते. सांघिक खेळांसाठी देशाचे चार विभाग पाडलेले आहेत. आपण पश्चिम विभागात येतो. तिथे महाराष्ट्रासोबत गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश आणि गोव्यातली विद्यापीठं असतात. पहिल्यांदा बाद फेरी होते, शेवटच्या चार संघांत साखळी सामने होतात. हे चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला जातात. चार विभागांतून प्रत्येकी चार, म्हणजे एकूण सोळा संघ.

त्याही पुढे खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धा आहेत. त्या २०२० साली भुवनेश्वरला सुरू झाल्या. आणि आपल्या राज्यापुरता 'अश्वमेध' हा आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सव असतो, त्यात कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, बास्केटबॉल, मैदानी स्पर्धा हे खेळ असतात.

आता बाद फेरीचा अर्थ नीट समजून घ्या. वर्षभर सराव करायचा, रेल्वेने दीड दिवस प्रवास करायचा, परक्या गावी उतरायचं आणि पहिलाच सामना हरला तर त्याच रात्री परतीची गाडी. संपूर्ण हंगाम चाळीस मिनिटांत संपू शकतो! आयपीएलमध्ये हरलेल्या संघाला तीन दिवसांनी पुन्हा संधी असते. इथे नसते.

३) मैदान रिकामे का असते?

अमेरिकेत डरहॅम नावाच्या शहरात ड्यूक विद्यापीठ आहे. तेही काही फार मोठं नाही. तिथलं बास्केटबॉलचं स्टेडियम १९४० सालचं, आसनं ९,३१४. पण मोठ्या सामन्याचं तिकीट मिळावं म्हणून विद्यार्थी थंडीत बाहेर तंबू ठोकून राहतात, अगदी कित्येक आठवडे. मग आपल्याकडेच असं का?

विद्यार्थ्यांना खेळ आवडत नाही, असं मुळीच नाही. गावच्या जत्रेतल्या कुस्तीला आणि कबड्डीच्या रात्रीच्या सामन्यांना पाय ठेवायला जागा नसते. अडचण वेगळी आहे. सामने कामाच्या दिवशी, सकाळी किंवा भर दुपारी असतात. दरवर्षी यजमान महाविद्यालय बदलतं. वेळापत्रक क्रीडा संचालकांपर्यंत पोहोचतं, फार तर फलकावर एक कागद लागतो. टीव्हीवर काही दिसत नाही. दरवर्षी निम्मा संघ नवीन असतो, त्यामुळे नावं तोंडात बसत नाहीत. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे, आपण जिंकल्यावरच बघायला जातो. पेपरात फोटो आला की मग आपल्याला "आपला खेळाडू" आठवतो.

४) मी एकदा पाहिलेला सामना

एक प्रसंग सांगतो. डिसेंबरचे दिवस होते. माझ्याकडे दहावीला असलेली एक मुलगी आता महाविद्यालयाकडून खो-खो खेळत होती. मुलींचा आंतरमहाविद्यालयीन सामना होता. तिने निरोप पाठवला म्हणून मी गेलो. मैदानाच्या कडेला मोजून पंधरा माणसं. त्यातले निम्मे पुढच्या सामन्याची वाट पाहणारे.

तिची तुकडी संरक्षणाला उतरली. दोघी लवकर बाद झाल्या. ही मात्र सापडेना. कधी साखळी पळती, कधी खांबाजवळ थांबून ऐनवेळी हुलकावणी. शेवटी एका मुलीने सूर मारून तिला टिपलं. बाहेर आली तेव्हा धापा टाकत होती. पाणीसुद्धा न पिता थेट माझ्याकडे आली आणि पहिलं वाक्य काय?

"सर, किती मिनिटं पळाले मी?"

मला सांगता येईना. मी नुसता बघत होतो, घड्याळ लावलंच नव्हतं. म्हटलं, "असतील दोन-अडीच मिनिटं." तिचा चेहरा थोडा उतरला. म्हणाली, "नक्की पाहिजे होतं सर. माय-आबा कारखान्यावर गेलेत ऊसतोडीला. संध्याकाळी फोन येतो. आबा विचारतात, आज किती पळालीस? पाडव्याला आले की ठरवणार आहेत, पुढं खेळायचं का नाही ते."

मी गुणलेखकाकडे जाऊन विचारलं. त्यांच्या कागदावर वेळ होती : २ मिनिटे ४० सेकंद. नऊ मिनिटांच्या डावात एकटीने २ मिनिटे ४० सेकंद! तिने तो आकडा पेनाने तळहातावर लिहून घेतला. सामना तिचा संघ हरला. पण संध्याकाळी फोनवर सांगायला तिच्याकडे काहीतरी नक्की होतं.

त्या दिवशी माझ्या डोक्यात एक गोष्ट आली. आपल्या भागात, विशेषतः बीड जिल्ह्यात, हजारो कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती पाडव्याच्या आसपास परततात. आणि विद्यापीठाच्या स्पर्धांचा मुख्य हंगाम नेमका तेव्हाच, म्हणजे हिवाळ्यात असतो. ज्या महिन्यांत लेकरू मैदानात असतं, त्याच महिन्यांत आईबाप फडात असतात. मग त्याला बघायचं कुणी? तर आपण. चाहत्याचं खरं काम हेच आहे, ज्याचं कुणी आलेलं नाही त्याच्यासाठी तिथे असणं.

५) चांगला चाहता होण्यासाठी काय करावे?

*एकच खेळ निवडा.* सगळे संघ एकदम धरू नका. खो-खो घ्या, कबड्डी घ्या, नाहीतर तलवारबाजी घ्या. आपल्या विद्यापीठाच्या परिसरातच भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र आहे, त्यामुळे असे खेळही इथे जवळून पाहता येतात.

*वेळापत्रक मिळवा.* महाविद्यालयाच्या क्रीडा संचालकांना भेटा. "सर, सामने कधी आहेत? आम्हाला बघायला यायचंय," एवढं म्हणा. त्यांना आनंदच होईल.

*नियम शिका.* खो-खोत पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा धरलेली दिशा बदलता येत नाही. कबड्डीत पूर्ण संघ बाद झाला की लोण पडतो आणि दोन गुण जादा मिळतात. नियम कळले की साधा वाटणारा सामना एकदम रंगतो.

*वही आणि घड्याळ सोबत ठेवा.* तारीख, प्रतिस्पर्धी, गुण, कोण किती वेळ पळाला, कुणाच्या किती पकडी. मोठ्या क्रिकेटपटूंची आकडेवारी सगळं जग ठेवतं. आपल्या पोरांची तुम्ही नाही ठेवली तर कुणीच ठेवणार नाही.

*कधी ओरडायचं आणि कधी गप्प बसायचं, हे शिका.* कबड्डीत चढाई करणाऱ्याचा दम पंचांना ऐकू यावा लागतो. खो-खोत 'खो' हा शब्द स्पष्ट ऐकू यावा लागतो. त्या क्षणी तुमच्या आरडाओरड्यामुळे आपल्याच संघाचं नुकसान होऊ शकतं. गडी बाद झाला की मग खुशाल टाळ्या वाजवा.

*मर्यादा पाळा.* पंचांना शिव्या नाहीत, पाहुण्या संघाची टिंगल नाही. मुलींच्या सामन्यात मोबाइल उगारून चित्रीकरण करत बसू नका. नांदेडचा संघ आला तर त्यांच्याही चांगल्या खेळीला दाद द्या, तीही आपल्याच मराठवाड्याची लेकरं आहेत.

६) आपला संघ हरला तर?

मित्रांनो, हरेल. बऱ्याचदा हरेल. देशातल्या सर्वोत्तम क्रीडा विद्यापीठाला मौलाना अबुल कलाम आझाद करंडक दिला जातो. तो १९५६-५७ पासून सुरू आहे आणि बहुतेक वेळा अमृतसर, पतियाळा, चंदीगड इथल्या विद्यापीठांनीच नेला आहे. तिथे खेळाला पैसा, वसतिगृहं, मैदानं वर्षानुवर्षं मिळत आली. आपल्याकडचा खेळाडू सकाळी शेतात पाणी देऊन एसटीने सरावाला येतो. त्याने पश्चिम विभागात एक फेरी जरी पार केली, तरी ती किती मोठी गोष्ट आहे, हे पेपरातल्या दोन ओळींवरून कळत नाही. ते फक्त त्याच्या मागे फिरणाऱ्या चाहत्याला कळतं.

आणखी एक गोष्ट. विद्यापीठाच्या स्पर्धांना वयाची अट असते. पंचविशी आली की दार बंद. म्हणजे खेळाडूच्या हातात जेमतेम चार-पाच हिवाळे असतात. "पुढच्या वर्षी बघू" म्हणाल तर तो पुढच्या वर्षी तिथे असेलच असं नाही. कुणी सैन्यात भरती होतो, कुणाचं लग्न होतं, कुणी राज्य शासनाच्या नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणासाठी अर्ज भरत बसतो.

त्या मुलीचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचारणारच. पाडव्याला तिचे आबा परत आले. मी माझी वही घेऊन त्यांच्या घरी गेलो. तोपर्यंत तिचे आणखी तीन सामने मी पाहिले होते आणि प्रत्येक वेळी घड्याळ लावलं होतं. आबांना अक्षरं फारशी लागत नाहीत, पण आकडे लागतात. त्यांनी बोट ठेवून एकेक आकडा वाचला आणि म्हणाले, "वाढतच चाललंय की वो सर." मग चहा झाला. पुढच्या हंगामात ती निवड चाचणीला आली. विद्यापीठाच्या संघात तिची निवड झाली नाही, ती राखीवमध्ये राहिली. पण ती खेळत राहिली.

शब्दार्थ

पळती – खो-खोमध्ये बाद न होता पळत राहणे
हुलकावणी – चकवा देणे
लोण – कबड्डीत पूर्ण संघ बाद होणे
फड – ऊसतोडणी चालू असलेले शेत
राखीव – मुख्य संघाबाहेरचा, गरजेला खेळणारा खेळाडू

स्वाध्याय

१) विद्यापीठाचा संघ कोणकोणत्या पायऱ्यांतून तयार होतो, ते आपल्या शब्दांत लिहा.
२) 'चाहत्याला गप्प बसणेही आले पाहिजे' या विधानाचा अर्थ उदाहरण देऊन स्पष्ट करा.
३) ऊसतोडीचा हंगाम आणि स्पर्धांचा हंगाम एकाच वेळी आल्याने खेळाडूंच्या आयुष्यात काय फरक पडतो? ८ ते १० ओळी लिहा.
४) उपक्रम : या हिवाळ्यात आपल्या जवळच्या महाविद्यालयातला एक सामना पूर्ण बघा. वहीत वेळ आणि गुण नोंदवा. सामना संपल्यावर ती नोंद एखाद्या खेळाडूला दाखवा, आणि मग तुमचा अनुभव निबंधाच्या रूपात लिहून आणा.